माळ, गांठ आणि सरळ रेषा

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूरच्या भवानीचे भक्त गळ्यांत कवड्यांची माळ घालतात. ही माळ उतरून जमिनीवर नीट मांडली तर तिचें वर्तुळ होतें. दोन्ही बाजूंनीं दाबली तर लंबवर्तुळ होतें. एक बाजू उलटून टाकली तर मधोमध स्वतःलाच छेदून जाणारी, इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी आकृति तयार होते. माळ तीच, कवड्या तितक्याच; आकृति मात्र तीन. या तिहींना एकच म्हणावें कीं भिन्न समजावें? प्रश्न पोरखेळासारखा दिसतो. परंतु विसाव्या शतकांत गणिताची एक मोठी शाखा याच प्रश्नाच्या आधारानें वाढली. आणि त्याच प्रश्नाला श्रीराम अभ्यंकर या मराठी गणितज्ञानें असें वळण दिलें कीं तो शाळेच्या बीजगणितांतील साध्या राशींपाशीं येऊन उभा राहिला. तेथें त्याचा एक भाग सुटला. दुसरा भाग अद्याप सुटलेला नाहीं.

वरील प्रश्नाचें उत्तर, काय करण्याची मुभा आहे, यावर अवलंबून असतें. ओयलर यांनीं १७३६ सालीं कोनिग्सबर्ग शहरांतील सात पुलांचें कोडें सोडविलें, तेव्हां अंतरें आणि कोन बाजूस सारून कोणता भाग कोणत्या भागास जोडलेला आहे एवढेंच त्यांनीं पाहिलें. या दृष्टीला १८९५ सालीं फ्रान्समधील आंरी पॉइन्कारे यांनीं स्वतंत्र शास्त्राचें रूप दिलें. त्या शास्त्रास आज टॉपॉलॉजी म्हणतात. टॉपॉलॉजीच्या लेखीं सर्व आकार रबराचे असतात. ते ताणावे, वाकवावे, पिळावे. फक्त तोडूं नयेत आणि सुटे भाग एकमेकांस चिकटवूं नयेत. माळेचा दोरा कोठेंहि तुटलेला नसल्यामुळें टॉपॉलॉजीला तिन्ही आकृति एकाच माळेच्या मांडण्या वाटतात.

परंतु ज्याला रस्ता आंखावयाचा आहे त्याचें एवढ्यानें भागत नाहीं. सोलापुराकडून तुळजापुरास चढणारा रस्ता बालाघाटाच्या डोंगरांत वळणें घेत जातो. त्यावरून जाणाऱ्या गाडीला प्रत्येक क्षणीं एक निश्चित दिशा असते आणि ती दिशा हळूहळू बदलते. रस्त्याला कोठें पक्ष्याच्या चोंचीसारखें टोंक आलें तर गाडीला तेथें थबकून, जागच्या जागीं फिरून, आल्या दिशेनें परतावें लागेल. अशा टोंकांना बंदी घालून आकारांचा विचार करणारी शाखा म्हणजे डिफरेन्शियल टॉपॉलॉजी. रबराच्या जागीं तिनें गुळगुळीत वाकणारी तार घेतली, असें म्हटलें तरी चालेल.

या शाखेंत दोन अटींमधील भेद प्रथम लक्षांत घ्यावा लागतो. पहिली अट अशी कीं रेषेला कोठेंहि चोंच नसावी, पृष्ठाला कोठेंहि चुणी नसावी. स्वतःला छेदून जाण्यास मात्र हरकत नाहीं. ही अट पाळणाऱ्या मांडणीला इमर्शन म्हणतात. दुसरी अट अशी कीं चोंच तर नसावीच, पण छेदहि नसावा. दोन दूरचे बिंदु एका जागीं येऊं नयेत. अशी मांडणी म्हणजे एम्बेडिंग. आठाची आकृति हें इमर्शन आहे, एम्बेडिंग नव्हे. पहिली अट डोळ्यांसमोरच्या लहानशा तुकड्यापुरती आहे. गाडीवानाला ती आपल्या जागेवरून तपासतां येते. दुसरीसाठीं सगळा रस्ता एकदम दिसावा लागतो. जवळचें आणि सबंध यांमधील हें अंतर हाच या विषयाच्या इतिहासाचा कणा आहे.

१९३७ सालीं अमेरिकेंतील हॅस्लर व्हिटनी यांनीं प्रतलांतील मिटलेल्या गुळगुळीत रेषांवर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता: माळेला चोंच येऊं न देतां, पण स्वतःच्या आरपार जाण्याची मोकळीक देऊन, तिच्या कोणत्या आकृतीपासून कोणती आकृति मिळवितां येईल? येथें गाडीवानाच्या हातीं होकायंत्र द्यावें. वर्तुळाकार रस्त्यावरून एक फेरी केल्यावर त्याचें तोंड एकाच बाजूला वळत वळत एकूण ३६० अंशांतून फिरलेलें असतें, म्हणजे एक पूर्ण वेढा. आठाच्या आकृतींत अर्ध्या वाटेवर तें डावीकडे जितकें फिरतें तितकेंच पुढील अर्ध्या वाटेवर उजवीकडे फिरतें, वेढे शून्य. वर्तुळाच्या आंत आणखी एक लहानसा फांसा घेतला तर वेढे दोन. वेढ्यांची संख्या नेहमीं पूर्णांक असते. ती थोडीथोडी बदलूं शकत नाहीं, आणि चोंच येऊं दिली नाहीं तर तिला एकदम बदलण्यासहि वाव नाहीं. म्हणून वर्तुळाचा आठ कदापि होणार नाहीं. यांत अवघड असें कांहीं नाहीं. खरी मौज पुढें आहे. वेढ्यांची संख्या सारखी असली, तर त्या दोन आकृति कितीहि निराळ्या दिसोत, एकीपासून दुसरी निश्चित मिळवितां येते. या सिद्धांतांत व्हिटनींनीं आपले हार्वर्डमधील सहकारी ग्रॉस्टाइन यांना वांटेकरी मानलें, म्हणून तो दोघांच्या नांवानें ओळखला जातो. असंख्य आकृतींची सारी भानगड एका पूर्णांकांत मिटली.

रेषांवरून पृष्ठांकडे वळलें कीं जागा किती लागते हा प्रश्न येतो. फेलिक्स क्लाइन यांनीं १८८२ सालीं वर्णिलेली बाटली आंत-बाहेर असा भेद नसलेली आहे. आपल्या त्रिमिति अवकाशांत ती स्वतःच्या पोटांतून आरपार गेल्यावांचून बनत नाहीं. चौथी मिति मिळाली तर हा छेद टळतो. डेव्हिड हिल्बर्ट यांनीं आपला विद्यार्थी वेर्नर बॉय यास असेंच एक पृष्ठ देऊन, त्रिमिति अवकाशांत तें चुणीवांचून मांडणें अशक्य आहे हें सिद्ध करण्यास सांगितलें. बॉय यानें १९०१ सालीं तें शक्य असल्याचें दाखविलें! गुरूचा अंदाज चुकला आणि शास्त्राला एक नवें पृष्ठ मिळालें. पुढें व्हिटनी यांनीं १९३६ व १९४४ सालच्या निबंधांत सामान्य नियम बसविला. कोणताहि गुळगुळीत आकार घ्या. त्याच्या स्वतःच्या मिति जितक्या, त्यांच्या दुप्पट मितींच्या अवकाशांत तो छेदावांचून मावतो. त्याच्या मिति दोन किंवा अधिक असतील, तर नुसत्या इमर्शनसाठीं याहून एक मिति कमी पुरते.

याहून कमी जागेंत किती भागेल? १९८५ सालीं राल्फ कोहेन यांनीं या प्रश्नाचा सर्वसाधारण निकाल लावला आणि त्याचें उत्तर मोठें चमत्कारिक आहे. आकाराच्या मितींची संख्या केवळ ० व १ या अंकांनीं, म्हणजे द्विमान पद्धतीनें, लिहावी. तींत १ हा अंक जितक्या वेळां येतो तितक्या मिति दुपटींतून वजा कराव्या. पांच ही संख्या त्या पद्धतींत १०१ अशी लिहितात. तींत १ दोनदां येतो. म्हणून पांच मितींचा कोणताहि मिटलेला गुळगुळीत आकार आठ मितींच्या अवकाशांत चुणीवांचून मांडतां येतो. आकारांची जागा आणि संख्या लिहिण्याची रीति यांचा असा संबंध असेल, हें आरंभीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

या दोन टप्प्यांच्या मध्यें एक निकाल असा लागला कीं तो ऐकून जाणकारहि चकित झाले. उशीचा अभ्रा उलटा करावयाचा तर त्याच्या तोंडांतून आंतली बाजू बाहेर काढतात. चेंडूला तोंडच नाहीं. त्याच्या पृष्ठाला स्वतःच्या आरपार जाण्याची मुभा दिली, पण फाडण्याची आणि चुणी पाडण्याची मनाई केली, तर त्याची आंतली बाजू बाहेर आणतां येईल काय? वर्तुळाच्या बाबतींत हें होत नाहीं. तेथें वेढ्यांची संख्या १ असते आणि उलट्या वर्तुळाची उणें १. त्यामुळें गोलाच्या बाबतींतहि तें अशक्यच असणार, असें वाटणें स्वाभाविक होतें. स्टीफन स्मेल या तरुण अमेरिकन गणितज्ञानें १९५८ च्या सुमारास तें शक्य असल्याचें सिद्ध केलें. त्यांचे मार्गदर्शक राऊल बॉट यांनीं प्रथम, यांत चूक असलीच पाहिजे, असें सांगितलें होतें. परंतु गोलावर वेढ्यांसारखी जी संख्या मोजतात ती उलटण्यापूर्वीं आणि उलटल्यानंतर एकच निघते. अडथळा वाटत होता तो मुळांत अडथळाच नव्हता. स्मेल यांच्या सिद्धतेनें शक्यता दाखविली, पण कृति डोळ्यांपुढें उभी राहीना. अशा कृति पुढें अनेकांनीं रचल्या. त्यांत बर्नार मोरँ या फ्रेंच गणितज्ञांचा वांटा फार मोठा होता. आणि ते लहानपणापासून अंध होते, ही गोष्ट मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

स्मेल यांची रीति १९५९ सालीं मॉरिस हिर्श यांनीं सर्व प्रकारच्या आकारांना लागूं केली. तत्पूर्वीं १९५४ सालीं जॉन नॅश यांनीं आणि लगोलग १९५५ सालीं निकोलास काइपर यांनीं याहून विलक्षण गोष्ट दाखविली होती. चेंडूचें पृष्ठ कोठेंहि न ताणतां, त्यावरील एकहि अंतर न बदलतां, हव्या तितक्या लहान डबींत बसवितां येतें. मात्र त्याची वक्रता सुरळीत राहील असा आग्रह सोडावा लागतो. या सर्व निकालांतील समान सूत्र मिखाइल ग्रोमोव्ह यांनीं १९७० च्या आसपास ओळखलें आणि त्याला एक सर्वसाधारण तत्त्व म्हणून मांडलें. त्याचा आशय असा: पुष्कळ प्रश्नांत मोजदादीला जो अडथळा दिसतो तेवढाच काय तो खरा अडथळा असतो. हिशेब जुळला कीं प्रत्यक्ष आकृतिहि मिळते. इमर्शन हा विषय अशा रीतीनें लवचिक ठरला.

एम्बेडिंगची प्रकृति अगदीं वेगळी. दोरीला साधी गांठ मारून तिचीं दोन्ही टोंकें अनंतापर्यंत ताणलीं आहेत अशी कल्पना करावी. छेद होऊं द्यावयाचा नाहीं, तर ही गांठ जन्मांत सुटणार नाहीं. पण हे हटवादी गुण त्रिमिति अवकाशापुरतेच आहेत. चौथी मिति मिळतांच दोरीचा एक पदर दुसऱ्यास न शिवतां पलीकडे नेतां येतो आणि कोणतीहि गांठ सुटते. जागा ऐसपैस असली कीं गांठ राहत नाहीं. अडचणींतच ती टिकते.

श्रीराम शंकर अभ्यंकर यांनीं या विषयांत प्रवेश केला तो निराळ्याच दारानें. त्यांचा जन्म २२ जुलै १९३० रोजीं उज्जैन येथें झाला. वडील शंकर केशव अभ्यंकर ग्वाल्हेरास गणिताचे प्राध्यापक होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें शिकून १९५१ सालीं पदवी घेतल्यावर श्रीराम अभ्यंकर हार्वर्ड विद्यापीठांत गेले आणि ऑस्कर झरिस्की यांच्या मार्गदर्शनाखालीं १९५५ सालीं डॉक्टर झाले. १९६३ पासून ते अमेरिकेंतील परड्यू विद्यापीठांत होते. १९७६ सालीं त्यांनीं पुण्यांत भास्कराचार्य प्रतिष्ठानाची स्थापना केली. २ नोव्हेंबर २०१२ रोजीं त्यांचें निधन झालें. बीजगणितीय समीकरणांनीं बनलेल्या रेषा आणि पृष्ठें यांवर जीं दोषस्थानें येतात, म्हणजे ज्या चोंची आणि जे छेद पडतात, त्यांचें निराकरण कसें करावें, हा त्यांच्या आयुष्याचा व्यासंग होता. अर्थात् इमर्शन आणि एम्बेडिंग यांचे शत्रु त्यांच्या जुन्या ओळखीचे होते.

त्यांनीं विचारलेला प्रश्न असा. रेषा वाटेल तशी वाकवितां येणारी तार आहे असें न मानतां, ती बहुपदींनीं लिहिली पाहिजे अशी अट घातली तर काय होईल? ट ही एक बदलती राशि घ्यावी. तिच्या दोन बहुपदी, एक क्ष आणि दुसरी य, मांडाव्या. ट बदलत जाईल तसतसा क्ष व य यांनीं ठरणारा बिंदु प्रतलावर रेषा काढीत जाईल. क्ष = ट², य = ट³ असें घेतलें तर ट शून्य होतांच रेषेला चोंच येते; हें इमर्शनहि नव्हे. क्ष = ट² − १, य = ट³ − ट असें घेतलें तर चोंच नाहींशी होते, पण ट = १ आणि ट = −१ या दोन्ही वेळीं बिंदु एकाच ठिकाणीं येतो; रेषेनें स्वतःला छेदलें. क्ष = ट², य = ट³ + ट असें घेतलें तर नेहमींच्या कागदावर चोंचहि नाहीं आणि छेदहि नाहीं. मात्र उणें एकच्या वर्गमुळाला संख्या मानणाऱ्या संमिश्र संख्यांच्या राज्यांत गेलें कीं, तें वर्गमूळ आणि त्याचें ऋण रूप अशा दोन्ही किमतींना क्ष = −१, य = ० हाच बिंदु येतो. छेद होता, तो फक्त दृष्टीआड होता. या तिन्ही उदाहरणांत घात २ आणि ३ आहेत, आणि तिन्हींत कांहींना कांहीं दोष निघाला. हा योगायोग नव्हे.

अभ्यंकर आणि त्यांचे सहकारी त्झुओंग-त्सिएंग मो यांनीं १९७५ सालीं सिद्ध केलें कीं, संमिश्र संख्या धरूनहि चोंच व छेद यांपासून मुक्त अशी बहुपदी रेषा प्रतलांत असेल तर तिच्या दोन घातांपैकीं एकानें दुसऱ्यास निःशेष भाग जातोच. दोनानें तीनला भाग जात नाहीं; म्हणून तेथें निर्दोष रेषा मिळणेंच अशक्य होतें. वाक्य लहान, पण त्याचा परिणाम फार मोठा. क्ष = ट + ट⁴, य = ट² ही रेषा पाहावी. तिचे घात ४ आणि २. क्षमधून यचा वर्ग वजा केला कीं क्षच्या जागीं नुसता ट राहतो. आतां यमधून या नव्या क्षचा वर्ग वजा केला कीं यच्या जागीं शून्य राहतें. वांकडी दिसणारी रेषा दोन पायऱ्यांत सरळ झाली. ज्या घातास भाग जातो तो अशा वजाबाकीनें खालीं उतरतो; खालीं उतरल्यावर सिद्धांत पुन्हां लागूं पडतो; आणि उतरतां उतरतां अखेर सरळ रेषाच हातीं येते. थोडक्यांत, प्रतलांतील प्रत्येक निर्दोष बहुपदी रेषा ही मुळांतील सरळ रेषाच असते. केवळ बहुपदींच्या साह्यानें ती वांकविलेली असते आणि बहुपदींच्याच साह्यानें ती पुन्हां सरळ होते. तारेला मिळणारें स्वातंत्र्य बहुपदीला नाहीं.

हा निकाल निरनिराळ्या वाटांनीं मिळाला, ही गोष्टहि बोधप्रद आहे. जपानमधील मासाकाझु सुझुकी यांनीं १९७४ सालीं तो विश्लेषणाच्या मार्गानें काढला होता. १९८२ सालीं ली रुडॉल्फ यांनीं रेषेचें अनंताजवळचें रूप एक गांठ म्हणून पाहिलें आणि गांठींच्या शास्त्रांतूनच नवी सिद्धता दिली. अभ्यंकरांची वाट मात्र जुन्या बीजगणिताची होती. न्यूटनच्या काळापासून चालत आलेली अपूर्णांक घातांची श्रेढी आणि वर्ग पूर्ण करण्याच्या युक्तीचा विस्तार हीं त्यांचीं मुख्य हत्यारें. वर्गसमीकरण सोडवितांना वर्ग पूर्ण करण्याची रीति श्रीधराचार्यांच्या नांवानें भास्कराचार्यांनीं आपल्या बीजगणितांत दिली आहे. अभ्यंकरांनीं ‘शाळेच्या बीजगणिताचा’ कैवार उघडपणें घेतला. नव्या, अमूर्त यंत्रणेची त्यांना ओळख नव्हती असें नव्हे. पण सोप्या हत्यारांची धार अजून संपलेली नाहीं, असा त्यांचा दावा होता आणि हा सिद्धांत त्या दाव्याचा पुरावा ठरला.

प्रतलांतून त्रिमिति अवकाशांत आल्यावर काय होतें, हा अभ्यंकरांनींच पुढें मांडलेला प्रश्न. तेथें तीन बहुपदी लागतात. त्रिमितींत सरळ न होणाऱ्या बहुपदी रेषा असल्या पाहिजेत, असा त्यांचा कयास होता. चार किंवा अधिक मितींत मात्र प्रत्येक रेषा सरळ होते, हें १९८७ सालीं पोलंडमधील येलोनेक यांनीं सिद्ध केलें. ऐसपैस जागेंत गांठ सुटते या जुन्या अनुभवाशीं तें जुळतेंच आहे. राहिली ती तीनच मितींची अडचण. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें अध्यापन केलेले अनंत आर. शास्त्री यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें कीं, दोरीची कोणतीहि गांठ तीन बहुपदींनीं लिहितां येते. साध्या गांठीसाठीं त्यांनीं दिलेल्या बहुपदी अशा: ट³ − ३ट, ट⁴ − ४ट² आणि ट⁵ − १०ट.

या सूत्राचा पडताळा कोणासहि घेतां येईल. ट = √३ आणि ट = −√३ असें घातलें तर पहिली बहुपदी दोन्ही वेळां शून्य येते आणि दुसरी दोन्ही वेळां उणें तीन; म्हणजे वरून पाहणारास दोरीचे दोन पदर तेथें एकमेकांवर आलेले दिसतात. तिसरी बहुपदी म्हणजे उंची. ती पहिल्या वेळीं −√३ आणि दुसऱ्या वेळीं √३ येते. एक पदर खालून गेला, एक वरून. असे छेद वरून पाहतां तीनच दिसतात, आणि दोरीबरोबर चालत गेलें तर ती क्रमानें खालून, वरून, खालून, वरून अशी जाते. हीच ती साधी गांठ. संमिश्र संख्यांतहि याखेरीज दुसरा छेद नाहीं आणि चोंच कोठेंच नाहीं. रेषा सर्वथा निर्दोष आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या वास्तव अवकाशांत ती सरळ होणार नाहीं, कारण ती गांठच आहे. पुण्याच्या आयसर संस्थेंतील रमा मिश्रा यांनीं अशा बहुपदी गांठींचा अभ्यास पुढें चालविला.

तर मग अभ्यंकरांचा कयास खरा ठरला, असें म्हणण्याचा मोह होईल. परंतु त्यांचा प्रश्न संमिश्र संख्यांच्या राज्यांतला आहे. तेथें प्रत्येक मिति दुहेरी होते. रेषा ही दोन वास्तव मितींचें पृष्ठ बनते आणि तीन मितींचें अवकाश सहा मितींचें. दोन मितींच्या पृष्ठाला सहा मितींत इतकी मोकळी जागा असते कीं टॉपॉलॉजीला तेथें गांठ दिसतच नाहीं. इतकेंच नव्हे, तर बहुपदींचा हट्ट सोडून अनंत श्रेढींनीं लिहिलेलीं परिवर्तनें चालतील असें म्हटलें, तर शास्त्री यांच्या रेषेसह प्रत्येक बहुपदी रेषा तेथें सरळ होते, हें श्युलिम कालिमान यांनीं १९९२ सालीं सिद्ध केलें. प्रश्न उरतो तो एवढाच: ही रेषा केवळ बहुपदींनीं सरळ होते कीं नाहीं? उत्तर अद्याप कोणाला सांपडलेलें नाहीं. मोजदादीला अडथळा दिसत नाहीं, गांठींच्या शास्त्राला दिसत नाहीं, श्रेढींच्या शास्त्रालाहि दिसत नाहीं. तरीहि वाट मिळत नाहीं. अडथळा असलाच तर तो बीजगणितांतच दडलेला असला पाहिजे, आणि तो दाखविणारें साधन अजून निर्माण व्हावयाचें आहे.

याच्या शेजारींच याकोबी यांच्या नांवानें ओळखला जाणारा, १९३९ सालीं केलर यांनीं विचारलेला प्रश्न उभा आहे. सबंध प्रतलालाच बहुपदींनीं प्रतलावर पुन्हां मांडलें आणि कोठेंहि चुणी पडूं दिली नाहीं, तर छेदहि आपोआप टळतो काय? म्हणजे बहुपदींच्या बाबतींत जवळच्या निर्दोषपणांतून सबंध निर्दोषपणा हातीं येतो काय? अभ्यंकरांनीं या प्रतलाच्या प्रश्नावर अनेक वर्षें खर्चिलीं. त्यांच्या हयातींत तो सुटला नाहीं.

कवड्यांच्या माळेपासून निघालेला विचार येथवर येऊन पोहोंचतो. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं, हें आतां उघड होईल. रबराच्या दृष्टीनें तिन्ही आकृति एक. तारेच्या दृष्टीनें वर्तुळ व लंबवर्तुळ एक आणि आठ वेगळा. आणि बहुपदीच्या दृष्टीनें प्रत्येक अवकाशाचा न्याय निराळा. कोणती मुभा दिली आणि कोणती मनाई केली, हें नीट सांगितल्यावरच ‘एक’ आणि ‘भिन्न’ या शब्दांना अर्थ येतो. ही शिस्त शिकविण्यासाठीं फार मोठी यंत्रणा लागत नाहीं. शास्त्री यांच्या तीन बहुपदी आणि ट या राशीच्या दहाबारा किमती घेऊन घरांतील शाळकरी मुलानेंहि कागदावर बिंदु मांडावे. संध्याकाळपर्यंत त्याला गांठ दिसूं लागेल. आणि ज्या प्रश्नापुढें मोठमोठे गणितज्ञ थांबले आहेत तो प्रश्न त्याच कागदावर त्याच्यासमोर असेल.